तिसरा खांब

मे महिना सुरू झाला एका चिठ्ठीने,
वहीत चिकटवलेल्या:
महिनाभर पाण्याची उंची मोजून आणावी.
खाली सेन्योरा उर्सुलाची सही, गोल शिक्का.
बाल्तासार म्हणाला, मोजायला कुठे जायचंय,
आपलं घरच पाण्यात उभं आहे.

खरंच होतं. अकरा खांबांवर आमचं घर,
कास्त्रोच्या खाडीत पाय सोडून बसलेलं.
त्याने उरलेल्या पांढऱ्या रंगाची डबी शोधली,
तिसऱ्या खांबावर वीत-वीत अंतराने रेघा ओढल्या,
आणि शाळेत जाताना एक, येताना एक
आकडा लिहू लागला फ्रीजवरच्या कागदावर.

त्याच कागदावर बाकीचंही:
सासऱ्यांकडून बटाट्याची दोन पोती,
नाएलीचं खोकल्याचं औषध,
छपराच्या पत्र्याला मुठीएवढं भोक,
रोसाउराला एकवीस तारखेच्या संचलनासाठी
खलाशाची निळी कॉलर
(फिती तीन, दोन नव्हेत, तिनेच खाली दोन रेघा मारलेल्या),
शिंपल्यांच्या कारखान्यातली माझी रात्रपाळी,
मंगळ, गुरू,
आणि इर्मिना आजारी म्हणून शनिवारसुद्धा.

एलादिओने पत्रा बदलला, तर नळ गळू लागला.
नळ आवळला, तर चुलीचं धुराडं तुंबलं.
घराचंही मुलांसारखंच,
एकाला जवळ घेतलं की दुसरं भोकाड पसरतं.

तिसरी फीत मी बसमध्ये शिवली,
संचलन सुरू व्हायला वीस मिनिटं असताना.
ती वाकडीच आहे अजून.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला एलादिओ चिखलात उतरला,
कलिंगड पारखावं तसा
एकेका खांबावर हातोडीने टकटक करत.
तिसऱ्यापाशी आवाज आलाच नाही.
हातोडी आत रुतली.
हा गेला, म्हणाला.

महिना संपायला नऊ दिवस आहेत, बाल्तासार म्हणाला.
अमावस्येचं उधाण तुझ्या सेन्योराला विचारून येत नाही,
बाप म्हणाला. इतकं पाणी पुन्हा ओसरेल पंधरवड्याने.
तोवर उत्तरेचा वारा थांबणार आहे का?
मग दोघंही माझ्याकडे बघू लागले,
जणू समुद्र मीच आत-बाहेर करते.

संध्याकाळी सात. काळोख.
येर्कोने ट्रकचा जॅक आणला, आणि लुमाचा नवा खांब,
दोन वर्षं त्याच्या अंगणात कोंबड्यांनी वापरलेला.
मी टॉर्च धरला. घर बोटभर वर उचललं गेलं,
कपाटातल्या बशा किणकिणल्या,
वरून रोसाउरा ओरडली, घर शिंकलं!
करवत लावणार इतक्यात बाल्तासार मध्ये घुसला,
सुतळीचा एक टोक दातात,
रेघेरेघेला गाठ मारत राहिला.
कुणी घाई केली नाही त्याला,
पाणी घोट्यापर्यंत परत आलं होतं तरी.

नव्या खांबावर त्याच उंचीला त्याच रेघा आल्या,
नऊ दिवस पुरे झाले.
जुना तुकडा मात्र तो हातगाडीवर घालून शाळेत घेऊन गेला,
शिंपले, शेवाळ, रेघा सगळ्यासकट.
सातपैकी साडेसहा मिळाले.
अर्धा म्हणे वासाचा गेला.

आता घर सरळ आहे.
स्वयंपाकघराचं दार, सहा वर्षं आपोआप उघडणारं,
मिटलं की मिटलेलंच राहतं.
सगळे झोपले तरी मी जरा वेळ जागी असते,
त्याच्या करकरण्याची वाट बघत.
आणि नाएली, जिची गोटी चुलीपाशी सोडली
की खिडकीपर्यंत एकटी घरंगळत जायची,
जमिनीवर बसून आहे.
गोटी मध्येच थांबली आहे.
ती तिला बोटाने ढकलते, थांबते, पुन्हा ढकलते,
मग माझ्याकडे बघते:
बिघडलं.